माहीमच्या पुढे, केळव्यापर्यंत

बोईसरच्या आमच्या चाळीत नळाला पाणी यायचं ते नेमकं माझ्या कारखान्याची बस सुटायच्या सुमाराला. हंडे भरायचे, दोन्ही मुलांचे डबे करायचे, केस कसेबसे बांधायचे आणि फाटकापलीकडे उभ्या असलेल्या बसकडे धावत सुटायचं, असं माझं रोजचं चाललेलं असायचं. फाटक पडलेलं असलं तर मालगाडी जाईपर्यंत उभ्याउभ्या दम खायचा आणि ते वर झालं की पुन्हा धावायचं. एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात साडीच्या निऱ्या धरलेल्या असायच्या. बसमधल्या बायका खिडकीतून बघून हसायच्या. मीही चढल्यावर त्यांच्याबरोबर हसायची, कारण बस चुकली की त्या दिवसाची हजेरी गेली, त्यापेक्षा हसू परवडायचं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. मी औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होते. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, दिवसभर उभ्याने. माझं माहेर मुरब्याचं, कोळ्याघरचं. माझे मिस्टर सातारा जिल्ह्यातले, कापडाला रंग देणाऱ्या कारखान्यात शिफ्टमध्ये कामाला. वयाची पस्तिशी उलटलेली, दोन बाळंतपणं झालेली, अंगाने मी भरलेली. शाळेतसुद्धा कधी कुठल्या शर्यतीत उतरले नव्हते.

आमच्या बसचा ड्रायव्हर उत्तर प्रदेशातला होता. एक दिवस मी धापा टाकत चढले तेव्हा तो आरशातून बघत म्हणाला, "भाभी, आप दौड़ में नाम लिखवा दो. पालघर से केळवे तक दौड़ है. रोज़ की प्रॅक्टिस तो हो ही रही है."

सगळी बस हसली. पण माझ्या शेजारी बसलेली मुलगी हसली नाही. तीही पॅकिंगलाच होती, मिस्टरांच्याच साताऱ्याकडची, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, उंच आणि सडपातळ. नुकतंच लग्न होऊन बोईसरला आलेली. मला ताई म्हणायची. ती हळूच म्हणाली, "ताई, मी शाळेत धावायचे. जिल्ह्याला गेले होते. तुम्ही नाव दिलंत तर मीही देईन. एकटीला सासू पाठवायची नाही."

दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघी कारखान्याच्या नोटिसांच्या फळ्यापुढे जाऊन उभ्या राहिलो. तालुक्यातल्या कुठल्याशा मंडळाने ती शर्यत ठेवली होती आणि कारखान्यांमधून नावं मागवली होती. पालघरच्या शाळेच्या मैदानापासून केळव्याच्या किनाऱ्यापर्यंत, बारा किलोमीटर. आमच्या टाइमकीपरने चष्मा वर करून कागद दोनदा वाचला. बायकांनी यायचं असंही त्यात म्हटलेलं नव्हतं आणि येऊ नये असंही नव्हतं. मग त्याने आमची नावं खाली लिहून टाकली.

घरी सांगितलं तेव्हा मिस्टर जेवत होते. त्यांनी हातातला घास संपवला. मला वाटलं आता नाही म्हणणार. मग म्हणाले, "साडी नेसून धावू नकोस. पाय अडकेल."

त्यांचं बोलणं एवढंच. पुढच्या रविवारी ते मला पालघरला घेऊन गेले आणि शाळेतल्या मुलांचे असतात तसले पांढरे कॅनव्हासचे बूट माझ्या मापाचे मिळेपर्यंत दुकानदाराला त्यांनी माळ्यावर चढायला लावलं. पंजाबी ड्रेस मी तोवर कधी घातला नव्हता. शेजारणीचा मागून आणला, बाह्या उसवून सैल केल्या.

बोईसरच्या कारखान्यांमधले रस्ते सरळ आणि रुंद आहेत, आणि पहिल्या शिफ्टच्या आधी ते मोकळे असतात. आम्ही दोघी तिथे जायला लागलो. पहिल्या दिवशी मी बस पकडायला सुटावं तशी सुटले आणि पहिल्याच वळणावर मोरीच्या कठड्यावर बसकण मारली. छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. गटारातून रंगीत पाणी वाहत होतं, त्याचा वास नाकातोंडात गेला. चहाच्या टपरीवर रात्रपाळीची माणसं उभी होती, ती आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, झालं, पुरे.

ती मात्र शांतपणे माझ्याजवळ येऊन उभी राहिली. "ताई, आपल्याला बस पकडायची नाहीये," ती म्हणाली. "केळवं गाठायचंय. एवढं हळू धावायचं की माझ्याशी बोलता आलं पाहिजे."

तेव्हापासून आम्ही बोलत बोलत धावायला लागलो. ती तिच्या गावच्या डोंगराबद्दल सांगायची, मी समुद्राबद्दल. तिला समुद्राची भीती वाटायची, मला डोंगराचा अंदाज नव्हता. सासू कशी आहे, मिस्टर कसे आहेत, लाइनवर कोण कामचुकार आहे, सगळं त्या रस्त्यांवर बोलून झालं. हळूहळू मोरी मागे पडली, मग रंगाचा कारखाना मागे पडला, आणि एक दिवस आम्ही वसाहतीला सगळा वेढा घालून परत टपरीपाशी आलो तेव्हा टपरीवाल्याने न विचारता दोन कप चहा पुढे केला. रात्रपाळीची माणसं तोवर आमच्याकडे बघायची थांबली होती. गायी-म्हशी जातात तशा आम्हीही त्या वेळी तिथून जायच्याच, असं त्यांनी धरलेलं होतं.

एका रविवारी मी मुलांना घेऊन मुरब्याला गेले. ओहोटी होती, वाळू घट्ट होती. माहेरी आहोत, इथे कुणाला लाजायचं, म्हणून मी बूट काढले आणि किनाऱ्याने धावायला सुरुवात केली. बांबूंच्या रांगांवर बोंबील वाळत होते, खाली बायका निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि त्यातल्या एकीने माझ्या आईला हाक मारली. आई बघायला आली. मी परत येईपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी होती.

"मागं कोण लागलं हाय काय तुज्या?" तिने विचारलं.

मी शर्यतीचं सांगितलं. माझी आई पालघरच्या बाजारात मासे विकायची, उभं आयुष्य टोपली डोक्यावर घेऊन चाललेली. केळवं किती लांब हे तिला सांगायला नको होतं. तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, त्या उसन्या ड्रेससकट. बायकांना वाटलं आता ही पोरीची खरडपट्टी काढणार. पण तिने फक्त शर्यत कधी ते विचारलं, आणि मी सांगितल्यावर म्हणाली की त्या दिवशी ती बाजाराला बसणार नाही, जावयाबरोबर आणि नातवंडांबरोबर केळव्याला येऊन थांबेल. "तू ये. आमी किनाऱ्याला हाव," असं म्हणून ती बोंबलांकडे परत गेली.

शर्यतीच्या सकाळी थंडी होती. मिस्टर मुलांना घेऊन आणि आईला पालघरच्या स्टँडवर गाठून थेट केळव्याच्या एसटीने जाणार होते. मी आणि पॅकिंगमधली माझी मैत्रीण पहिल्या गाडीने पालघरला उतरलो आणि मैदानावर गेलो. एवढे पुरुष आणि मुलगे अर्ध्या चड्डीत एका जागी मी पहिल्यांदाच पाहिले. कारखान्यातले होते, कॉलेजातले होते, मनोरकडच्या डोंगरातली काटक पोरं अनवाणी आलेली होती. बायका आम्ही अगदी थोड्या. दोन-तीन कॉलेजच्या मुली, एक नर्स, एक मास्तरीणबाई आणि आम्ही दोघी. छातीवर नंबराचं कापड टाचण्यांनी लावून दिलं. ते लावून घेताना मला उगाच भरून आलं. माझ्या नावाचं असं काहीतरी पहिल्यांदाच कुणी अंगावर लावलं होतं.

तेवढ्यात माइकवरून सूचना झाली. मंडळाचे प्रमुख, पन्नाशीचे, चष्मेवाले, खादीचा सदरा घातलेले गृहस्थ बोलत होते. छातीला रेशमी फितीचा बिल्ला होता. ऊन वाढणार आहे, वाटेत डॉक्टरांची सोय नाही, म्हणून भगिनींची शर्यत माहीमच्या नाक्यावर संपेल, पुढे कुणीही जाऊ नये, असं त्यांनी जाहीर केलं. माहीम म्हणजे आमचं केळव्याआधीचं माहीम. तिथून पुढे किनाऱ्यापर्यंतचा सगळा रस्ता आमच्यासाठी बंद झाला.

कॉलेजच्या मुलींनी सुटकेचा श्वास सोडला. मी मात्र प्रमुखांकडे गेले. माझी माणसं केळव्याला थांबली आहेत, त्यांना हे माहीत नाही, असं मी सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, खोटं कशाला बोलू. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की माहीमला टेम्पो उभा आहे, तो बायकांना केळव्याला पोचवील, काळजी नको. माझ्या मैत्रिणीने माझा हात दाबला. "जाऊ द्या ताई. माहीम तर माहीम," ती म्हणाली.

शिट्टी वाजली आणि सगळे माझ्या अंगावरून गेल्यासारखे निघून गेले. धूळ बसली तेव्हा मैत्रीण दिसेनाशी झाली होती. तिने धावताना माझ्याशी बोलायचं नाही असं आमचं आधीच ठरलं होतं, तिने जिंकायचं होतं. मी माझ्या चालीने निघाले. गाव संपलं, दोन्ही बाजूंनी भात कापलेली शेतं लागली, कुठे वालाची हिरवी पट्टी. माणसं बांधावर उभी राहून बघत होती. एक म्हातारा मला बघून त्याच्या म्हातारीला हाका मारून बोलावत होता. मला लाज वाटेल असं मी धरून चालले होते. पण पाय एका तालात पडायला लागले होते, श्वास तेवढाच पुरत होता, आणि कुणी बघतंय याचं काही वाटेना. उलट बघा म्हणावं असं वाटायला लागलं.

माहीमच्या अलीकडे वाड्या लागतात. केळी, सुपारी, पानवेली. तिथे सावली होती आणि कुंपणापाशी उभ्या असलेल्या बायका तांब्याने पाणी देत होत्या. नाक्यावर पोचले तेव्हा बायकांत माझ्या मागे फक्त मास्तरीणबाई होत्या. लाल फीत कधीच तुटली होती. ती तोडली होती माझ्या मैत्रिणीने. ती पहिल्या बक्षिसाची स्टीलची नवी कोरी कळशी हातात घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघून रडत हसत होती. मी तिला मिठी मारली. मंडळाच्या माणसांनी माझा नंबर लिहून घेतला, पाणी प्यायला दिलं आणि मला टेम्पोत बसवलं.

मी बसले. हे मला आवर्जून सांगायचं आहे, कारण पुढे लोकांनी ही गोष्ट सांगताना मी नाक्यावर थांबलेच नाही असं सांगायला सुरुवात केली. मी थांबले होते. पाय थरथरत होते आणि टेम्पोच्या फळीवर बसल्यावर बरं वाटलं होतं. पण टेम्पो काही हलेना. ड्रायव्हर चहाला गेला होता. कुणीतरी म्हणालं की बायकांची बाकीची बक्षिसं पाहुण्यांच्या हातून इथेच द्यायची आहेत, ते येतील, मग टेम्पो निघेल. पाहुणे कधी येतील ते कुणाला माहीत नव्हतं.

टेम्पोच्या मागच्या बाजूने रस्ता दिसत होता. त्यावरून मागे राहिलेले पुरुष अजून जात होते. त्यांना कुणी अडवत नव्हतं. एक जाडगेला मनुष्य कमरेवर हात ठेवून चालत चालत आला, नाक्यावर पाणी प्यायला, डोक्यावर ओतून घेतलं आणि तसाच कमरेवर हात ठेवून केळव्याच्या दिशेने चालायला लागला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मला किनाऱ्यावरची माझी मुलं दिसायला लागली, एकेक धावणारा येताना माझी वाट बघणारी. आणि आई, जिने त्या दिवशीचा बाजार बुडवला होता. तो मनुष्य वळणावर दिसेनासा व्हायला आला, तेव्हा मी टेम्पोतून खाली उतरले.

मैत्रिणीने विचारलं, "ताई, कुठे?"

"केळव्याला," मी म्हणाले, आणि धावायला लागले.

आधी मागून हाका आल्या. मग शिट्ट्या. मी वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर थांबले असते. बसून उठल्यामुळे मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या, पहिली काही पावलं मी लंगडतच टाकली. थोड्या वेळाने मागून स्कूटरचा आवाज आला. स्वतः प्रमुख होते. माझ्या बाजूने हळूहळू स्कूटर चालवत ते समजावू लागले. तुमची शर्यत पूर्ण झाली आहे, तुमचा नंबर लिहून घेतला आहे, आता कशाला त्रास करून घेता, असं सगळं. मी मानेने हो-हो करत धावत राहिले. शेवटी ते म्हणाले, "बाई, तुम्हाला काही झालं तर जबाबदारी माझ्यावर येते."

मी म्हणाले, "माझी जबाबदारी घेणारी माणसं पुढे किनाऱ्यावर बसली आहेत, साहेब. मी त्यांच्याकडेच चालले आहे."

स्कूटर थांबली, मागे वळली. मला वाटलं, गेले. पण थोड्या वेळाने तोच आवाज पुन्हा आला, आणि आता मागच्या सीटवर माझी मैत्रीण बसलेली होती. मांडीवर कळशी. वाटेतल्या एका वाडीत थांबून तिने ती विहिरीच्या पाण्याने भरून घेतली होती. स्कूटर खड्ड्यात गेली की पाणी हिंदकळून प्रमुखांच्या खादीच्या सदऱ्यावर सांडत होतं आणि ते काही बोलत नव्हते.

"साहेब, तुम्ही फक्त गाडी सरळ ठेवा," ती त्यांना सांगत होती. "त्या थांबणार नाहीत."

मग तिने मला ओंजळीने पाणी पाजलं, तेही धावताधावता. अर्धं तोंडात, अर्धं ड्रेसवर. त्या ओल्या ड्रेसने फार बरं वाटलं. ऊन चढलं होतं. डाव्या कुशीत कळ यायला लागली होती, तेव्हा तिनेच सांगितलं की चाला, पण उभ्या राहू नका. मी चालले. कळ गेली की पुन्हा धावले. तो कमरेवर हात ठेवलेला मनुष्य आमच्या पुढेच होता. मी त्याच्या बरोबरीला आले तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं, मग स्कूटरकडे, मग कळशीकडे. तो इतका दमला होता की आश्चर्य वाटून घ्यायलाही त्याच्यात त्राण नव्हतं. मी त्याच्या पुढे गेले.

केळव्याच्या सुरूच्या झाडांचा वारा लागला तेव्हा माझे बूट टाचेला चावून रक्त आलं होतं. रस्ता संपला आणि वाळू लागली. शर्यतीचा शेवटचा भाग वाळूवरून होता, पताका लावलेल्या बांबूंपर्यंत. माझ्या पुढचे दोघे कारखान्यातले पुरुष त्या वाळूत पाय ओढत चालले होते. मी खाली बसून बूट काढले. पायाला वाळू लागली आणि मला एकदम मुरब्यात आल्यासारखं वाटलं. मी सुक्या वाळूत न जाता पाण्याच्या कडेने घट्ट वाळू धरली, थोडा वळसा पडला पण पाय रुतले नाहीत. बूट हातात घेऊन मी त्या दोघांच्याही पुढे निघून गेले. त्यातला एक हसून म्हणाला, "जाओ बहन, जाओ."

स्कूटर वाळूत येणार नव्हती. ती सुरूंपाशी थांबली आणि मैत्रीण कळशी काखेत घेऊन माझ्या बाजूने धावू लागली.

आता मला माणसं दिसायला लागली. बांबूंपाशी दोरीजवळ मिस्टर उभे होते, धाकट्याला खांद्यावर घेऊन. मुलगी वाळूत उभी राहून दोन्ही हात हलवत होती. आई सगळ्यांच्या पुढे खाली बसलेली होती, फडकं पसरून, शेजारी डबा ठेवून. मला पाहून ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून सावकाश उठली आणि लुगडं झटकलं, मग तशीच ताठ उभी राहिली. ओरडली नाही, हात हलवला नाही.

दोरीपाशी जो मनुष्य होता त्याला कळेना काय करावं. बायका तर माहीमला संपलेल्या. तो दोरी धरून नुसताच उभा राहिला. मागून प्रमुख वाळूतून धापा टाकत येत होते, त्यांनी लांबूनच त्याला हाताने खूण केली आणि ओरडले, "घ्या, घ्या, त्यांना आत घ्या. त्या पालघरपासून आल्यात."

मी दोरी ओलांडली. पाय आपोआप थांबले आणि मी वाळूत बसले. मुलगी येऊन गळ्यात पडली. मिस्टर समोर उकिडवे बसले आणि माझ्या टाचेवरचं रक्त बघत राहिले. मग त्यांनी रुमाल ओला करून आणला आणि टाच पुसायला लागले. इतक्या माणसांत. सातारच्या माणसाने. मी त्यांना म्हणाले, राहू द्या, लोक बघतायत. ते म्हणाले, बघू देत.

आईने डबा उघडून तांदळाची भाकरी आणि तळलेला मासा माझ्यापुढे धरला. मला घास गिळवेना. मग तिने तो माझ्या मैत्रिणीला दिला. घाटावरची पोर, मासा कधी न खाल्लेली, तिने तो काट्यांसकट चावायला घेतला, आणि आईने तिच्या हातातून काढून घेऊन काटे वेचून दिले.

बक्षिसं झाली. पुरुषांत पहिला मनोरकडच्या अनवाणी पोरांतला एक आला होता, तो लाजून मान वर करीना. सगळं झाल्यावर प्रमुखांनी माइक हातात घेतला. त्यांचा सदरा अजून ओला होता. आमच्याकडे या बाईंसाठी बक्षीस नाही, कारण यांची शर्यत आम्ही ठेवलीच नव्हती, असं ते म्हणाले. मग म्हणाले, "ती आमची चूक." त्यांनी आपल्या छातीवरचा रेशमी फितीचा बिल्ला काढला आणि मला पुढे बोलावलं. मी अनवाणीच गेले. त्यांना टाचणी लावता येईना, म्हणून त्यांनी बिल्ला माझ्या मुलीच्या हातात दिला आणि तिने तो मला लावला. किनाऱ्यावरची माणसं टाळ्या वाजवत होती. मुंबईहून फिरायला आलेले लोकही उभे राहून वाजवत होते. मी आईकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. ती शेजारच्या बाईला माझ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती आणि ती बाई मान हलवत होती.

परतताना एसटीत मिस्टरांनी मला मधली हकिगत सांगितली. पुरुष यायला लागले तेव्हा त्यातल्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की बायकांची शर्यत माहीमलाच संपली, त्या टेम्पोने परत गेल्या असतील. मुलांना भूक लागली होती, ऊन झालं होतं. ते निघायच्या तयारीला लागले. मुलांना चपला घातल्या. आई फडक्यावरून उठली नाही.

"ती इथं येते म्हणून सांगून गेली हाय," ती म्हणाली होती. "तुमी जा जावयबापू, पोरांना घेऊन. मी इथून हलणार नाय."

मग तेही थांबले. हे सांगताना त्यांनी माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघितलं. आई पुढच्या सीटवर बसली होती, तिला ऐकू गेलं असणार, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी बसकडे धावू शकले नाही. मला चाळीचा जिना उलटं होऊन, कठड्याला धरून उतरावा लागला. फाटकापर्यंत पोचले तर बस उभी. ड्रायव्हरने हॉर्न न वाजवता वाट बघितली होती आणि आतल्या बायका दारापाशी जमल्या होत्या. त्यांनी मला हात धरून वर घेतलं. मैत्रीण आधीच चढलेली होती, तिच्याभोवती गराडा होता. कळशी तिच्या सासूने देवापुढे ठेवली होती आणि कोणी आलं की ती खाली काढून दाखवत होती. दिवसभर लाइनवर आमच्या दोघींकडे जो तो येऊन विचारत होता, आणि मी उभ्याउभ्या पट्ट्या भरत सांगत होते. पाय दुखत होते, पण त्या दिवसाइतकी ताठ मी त्या लाइनवर कधी उभी राहिले नाही.

आईने पालघरच्या बाजारात काय सांगितलं ते मला महिनाभराने कळलं. मी मासे आणायला गेले तर तिच्या शेजारच्या कोळणी मला जागा करून द्यायला लागल्या. एकीने विचारलं, पन्नास पुरुषांना मागे टाकलंस ते खरं का? मी आईकडे पाहिलं. माझ्या मागे तिघे होते, हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. आई सुरीने सुरमईचे तुकडे करत होती.

"खरं सांग तिला," मी म्हणाले.

"खरंच सांगते मी," ती म्हणाली. "तिगं काय आन पन्नास काय. पुरुष ते पुरुष." आणि गिऱ्हाइकाला तुकडा वजनापेक्षा जास्तच टाकला.

पुढच्या वर्षी शर्यतीचा कागद फळ्यावर लागला तेव्हा टाइमकीपरने मला स्वतः बोलावून दाखवला. महिला गट, पालघर ते केळवे, असं त्यात ठळक छापलेलं होतं. डॉक्टरांची गाडीही असेल असं लिहिलं होतं. आमच्या पॅकिंगमधूनच नऊ जणींनी नावं दिली. माझ्या मैत्रिणीला त्या वर्षी दिवस गेले होते, ती केळव्याला किनाऱ्यावर आईच्या शेजारी फडक्यावर बसली.

पालघरच्या मैदानावर आम्ही नंबर लावून उभ्या होतो. कारखान्यात नवी लागलेली एक मुलगी घाबरून माझ्याजवळ आली. तिने विचारलं, ताई, माहीमच्या पुढे रस्ता कसा आहे? मी तिला सांगितलं की वाड्या संपल्या की ऊन लागतं, शेवटी वाळू आहे, आणि पाण्याच्या कडेने जा, तिथे ती घट्ट असते. ती मान हलवत सगळं ऐकत होती. प्रमुखांनी शिट्टी तोंडाला लावली आणि आम्ही सगळ्या पुढे झुकलो.